आंब्रीचा बर्फ

स्वित्झर्लंडच्या आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमध्ये झुरिक आहे, बर्न आहे, जिनिव्हा आहे, आणि आंब्री आहे. पहिली तीन नावं आपण शाळेच्या भूगोलापासून ऐकत आलो. चौथं नकाशात शोधत बसावं लागतं. हे गाव क्विंतो नावाच्या छोट्या पालिकेत मोडतं आणि या अख्ख्या पालिकेची वस्ती हजाराच्या आसपास आहे. शेजारच्या पियोत्ता गावाचं नाव जोडून क्लबचं नाव झालं ‘आंब्री-पियोत्ता’. १९३७ मध्ये स्थापन झालेला हा व्यावसायिक क्लब १९८५ पासून एकदाही खाली न घसरता सर्वोच्च लीगमध्ये खेळतो आहे. बर्नच्या स्टेडियममध्ये सतरा हजार माणसं मावतात. आंब्रीकडे तेवढी माणसं गोळा करायची तर आजूबाजूच्या कितीतरी गावांना कुलपं लावावी लागतील.

आणि एवढ्या वर्षांत या क्लबनं लीगचं विजेतेपद एकदाही मिळवलेलं नाही.

युरोपातल्या हॉकी क्लबांबद्दल वाचायला लागलो तेव्हा मी साहजिकच करंडकांच्या मागे होतो. मॉस्कोचा लष्करी क्लब, प्रागचे क्लब, दावोसची एकतीस विजेतेपदं. आंब्रीपाशी आलो आणि तिथेच थांबलो. ज्याला कधी विजेतेपद मिळालं नाही त्याच्यामागे लोक तीन-तीन पिढ्या का उभे राहतात, हे मला समजून घ्यायचं होतं. त्याचं उत्तर बर्फावर सापडत नाही, त्यासाठी आधी दरी पाहावी लागते.

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला तिचीनो नावाचं कँटन, म्हणजे घटक राज्य आहे. तिथली भाषा इटालियन. या कँटनच्या उत्तर टोकाला, गोत्तार्दो घाटाच्या पायथ्यापासून खाली उतरत जाणारी लांबट, अरुंद दरी म्हणजे लेव्हेंतिना. आंब्री या दरीच्या वरच्या भागात, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे. दक्षिणेकडचा डोंगर इतका जवळ आणि इतका उंच की हिवाळ्यातले कित्येक आठवडे गावावर थेट ऊन पडतच नाही. समोरच्या उतारावर लख्ख प्रकाश दिसतो आणि आपण मात्र सावलीत. स्वित्झर्लंडमध्ये आंब्रीचं नाव निघालं की हॉकीच्या जोडीला या सावलीचाही उल्लेख होतोच.

लेव्हेंतिनानं शतकानुशतकं एकच काम केलं, उत्तर आणि दक्षिण युरोपला एकमेकांपर्यंत पोहोचवण्याचं. घाटातून खेचरांचे तांडे जायचे, दरीतली माणसं माल वाहायची आणि त्यावर घर चालायचं. राज्य मात्र दुसऱ्याचं. पंधराव्या शतकापासून १७९८ पर्यंत ही दरी घाटापलीकडच्या उरी कँटनच्या ताब्यात होती. १७५५ मध्ये लोकांनी उठाव केला तेव्हा उरीनं म्होरक्यांचा फाइदो गावात शिरच्छेद केला आणि दरीतल्या पुरुषांना गुडघे टेकून ते पाहायला लावलं. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट तिथे अजून सांगितली जाते. आज जर्मन भाषक भागातला बलाढ्य संघ आंब्रीत येतो तेव्हा प्रेक्षकांच्या गळ्यातून जो आवाज निघतो, त्यात थोडं हेही असावं असं मला वाटतं.

मग रेल्वे आली. १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत गोशेनेन ते आयरोलो असा पंधरा किलोमीटरचा बोगदा डोंगरातून आरपार खोदला गेला. कंत्राटदार-अभियंता लुई फाव्र १८७९ मध्ये त्याच बोगद्यात काम पाहत असताना कोसळला आणि गेला. मजूर तर दोनशेच्या आसपास दगावले. पण दरीला रेल्वेच्या नोकऱ्या मिळाल्या, वीजनिर्मिती आली, लष्कर आलं, आंब्रीच्या सपाट पट्टीवर लष्करी विमानतळ झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेव्हेंतिना बऱ्यापैकी गजबजलेली होती. याच इवल्याशा क्विंतोनं देशाला दोन राष्ट्राध्यक्ष दिले, एन्रिको चेलिओ आणि नेल्लो चेलिओ. पुढे त्याच आडनावाचा निकोला चेलिओ वर्षानुवर्षं आंब्रीच्या निळ्या-पांढऱ्या जर्सीत खेळला.

उतरण हळूहळू लागली. १९८० मध्ये रस्त्याचा बोगदा झाला आणि गाड्या न थांबता सुसाट जाऊ लागल्या. दरीच्या खालच्या टोकाला बोदिओचा मोंतेफोर्नो पोलाद कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला. लष्करानं विमानतळ सोडला. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा नवा गोत्तार्दो बोगदा सुरू झाला. जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा म्हणून त्याचं कौतुक आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही झालं. त्याचं दक्षिणेकडचं तोंड बोदिओला आहे. म्हणजे झुरिकहून मिलानला जाणारी गाडी आता वरच्या लेव्हेंतिनाच्या पोटातून निघून जाते. खिडकीतून आंब्री दिसतही नाही. तरुण मुलं नोकरीसाठी बेलिनत्सोनाला, लुगानोला, झुरिकला गेली. घर वर, पोट खाली. गावी परतायला निमित्त लागतं, आणि सप्टेंबर ते मार्च ते निमित्त म्हणजे हॉकी.

इथे खेळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपण हॉकी म्हटलं की गवताचं नाहीतर टर्फचं मैदान डोळ्यांसमोर येतं. आइस हॉकीत प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक बर्फावर असतात. साठ मीटर लांबीचा रिंक, भोवती फळ्यांचं आणि काचेचं कुंपण. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चेंडूच्या जागी असतो पक. कडक रबराची ही चकती अडीच सेंटिमीटर जाड, साडेसात सेंटिमीटरहून किंचित जास्त रुंद आणि साधारण १७० ग्रॅम वजनाची असते. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात. उबदार रबर बर्फावर टप्पा खातं, गोठलेलं सरळ घसरतं, एवढंच कारण. चांगल्या फटक्याला तो ताशी दीडशे किलोमीटरच्या वर सहज जातो. इतक्या वेगात माणूस पाऊण मिनिटात धापा टाकायला लागतो, म्हणून खेळ चालू असतानाच फळी बदलते. पाच जण कठड्यावरून उडी मारून आत येतात, पाच जण बाहेर. ज्या क्लबकडे चारही फळ्या तोलामोलाच्या असतात तो तिसऱ्या डावातही ताजा असतो. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्या दोन फळ्या चांगल्या आणि दोन जिवावर उदार होऊन खेळणाऱ्या. आंब्री बहुतेक काळ या दुसऱ्या जातीचा संघ राहिला आहे.

सुरुवातीला हे सगळं नैसर्गिक बर्फावर चालायचं. १९५९ मध्ये यंत्रानं गोठवलेला रिंक झाला. त्याचं नाव व्हालाशा. त्यावर छप्पर यायला आणखी वीस वर्षं लागली. १९७९ मध्ये छप्पर आलं तरी बाजू पुरत्या बंद झाल्या नाहीत. डोंगरावरून उतरणारा वारा थेट आत यायचा. साडेसहा हजारांची क्षमता, त्यातले बरेचसे प्रेक्षक पायऱ्यांवर उभे. तिथे सामना पाहणं म्हणजे अडीच तास थंडीत पाय आपटत उभं राहणं. तोंडातून निघणारी वाफ, हातातल्या गरम वाइनची वाफ आणि रिंकवरचं धुकं एकमेकांत मिसळायचं. बाहेरून आलेल्या खेळाडूंना व्हालाशा नको वाटायची, आणि यजमानांना तेच हवं असायचं. दक्षिणेकडच्या स्टँडला कुर्वा सुद म्हणतात. सगळ्यात जहाल पाठीराखे तिथे. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांमध्ये चे गेव्हाराचा चेहरा तिथे हमखास फडकताना दिसायचा, कारण या पाठीराख्यांनी आपला संघ म्हणजे धनदांडग्यांविरुद्धची गरिबांची बाजू, अशीच मांडणी केली आहे.

अडचण एकच होती, आणि ती जीवघेणी होती. व्हालाशा हिमस्खलनाच्या धोक्याच्या पट्ट्यात उभी होती. वरचा उतार बर्फानं लादला गेला की हजारो माणसं नेमकी त्याच्या वाटेवर.

आंब्रीच्या गोष्टीत लुगानोला टाळून पुढे जाता येत नाही. तिचीनोत सर्वोच्च लीगचे दोनच क्लब. लुगानो हे तळ्याकाठचं, बँकांचं, खजुरीच्या झाडांचं शहर. त्यांचा क्लब १९४१ चा, आंब्रीपेक्षा चार वर्षांनी धाकटा, पण पैशानं कितीतरी मोठा. ऐंशीच्या दशकात त्यांनी एकामागोमाग एक विजेतेपदं घेतली आणि त्या संघाला ‘ग्रांदे लुगानो’, महान लुगानो, हेच नाव पडलं. त्याच काळात आंब्रीकडे कॅनडाचा डेल मॅककोर्ट आला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगसाठी १९७७ मध्ये झालेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तो सर्वांत पहिला निवडला गेलेला खेळाडू होता. उत्तर अमेरिकेतल्या मोठमोठ्या सभागृहांत खेळलेला हा माणूस आल्प्सच्या दरीत, उघड्या वाऱ्यात वर्षानुवर्षं राहिला. क्लब १९८५ मध्ये वर आला आणि पुन्हा खाली गेला नाही, यात त्याचा वाटा मोठा आहे.

दोन्ही क्लब एकमेकांना भिडतात तेव्हा तिचीनोत कुटुंबंच्या कुटुंबं दोन रंगांत विभागली जातात. लुगानो काळा-पांढरा, आंब्री निळा-पांढरा. त्यातही १९९९ चं साल काही वेगळंच. त्या हंगामात लीगच्या साखळी फेरीत आंब्री पहिला आला. रशियाचा ओलेग पेत्रोव तेव्हा संघात होता. संघ अंतिम फेरीत गेला, आणि समोर लुगानो. सातपैकी चार सामने जिंकणारा विजेता. लुगानोनं मालिका ४-१ अशी घेतली, आणि शेवटचा सामना झाला तो व्हालाशाच्याच बर्फावर. शेजाऱ्यानं आपल्याच अंगणात येऊन आपल्यासमोर करंडक उचलला. ज्या पिढीनं ते पाहिलं ती आता पन्नाशी-साठीत आहे आणि हे दुःख तिच्या मनातून गेलेलं नाही. विजेतेपदाच्या इतक्या जवळ आंब्री त्याआधी कधी पोहोचला नव्हता, त्यानंतरही नाही.

पण त्याच काळात युरोपच्या मैदानावर आंब्रीनं जे केलं ते लोक विसरतात. लागोपाठ दोन वर्षं कॉन्टिनेंटल कप जिंकला आणि १९९९ मध्ये सुपर कपसाठी रशियाच्या मेतालुर्ग मॅग्नितोगोर्स्कला हरवलं. पोलादाच्या अजस्र कारखान्याचं पाठबळ असलेला संघ, लाखोंच्या शहराचा, आणि त्याला हजार वस्तीच्या पालिकेनं पाडलं. माझ्या मते हा छोट्या क्लबांच्या इतिहासातल्या थोर विजयांपैकी एक आहे. त्याची आठवण लुगानोविरुद्धच्या पराभवाखाली दबून गेली, याची मला हळहळ वाटते.

नंतरची पंधरा-वीस वर्षं खडतर गेली. लीगमधले पगार वाढत गेले आणि दरीत पुरस्कर्ते मिळेनात. क्लबनं पाठीराख्यांपुढे पदर पसरला, एकदा नव्हे, अनेकदा. लोकांनी पैसे दिले, समभाग घेतले. शेवटून पहिला येऊन खालच्या लीगच्या विजेत्याशी अस्तित्वाची मालिका खेळायची वेळही आली. २०१७ मध्ये लांगेनथालविरुद्ध तसंच झालं. त्या मालिकेतून सुटल्यावर क्लबनं एक निर्णय घेतला. बाहेरून नावाजलेला प्रशिक्षक आणण्याऐवजी घरच्या माणसांच्या हाती संघ दिला. प्रशिक्षक लुका चेरेदा आणि क्रीडा संचालक पाओलो दूका, दोघेही आंब्रीचेच माजी खेळाडू.

चेरेदाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. आंब्रीच्या कुमार संघातून वर आलेल्या या मुलाला १९९९ मध्ये टोरंटो मेपल लीफ्सनं निवडीच्या पहिल्याच फेरीत उचललं. अठरा पूर्ण न झालेलं पोर, समोर एनएचएल. मग हृदयात जन्मजात दोष असल्याचं निदान झालं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो परत उभा राहिला, खेळलाही, पण एनएचएलचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. पंचविशीच्या आसपास खेळ सुटला आणि तो मुलांना शिकवायला लागला. अशा माणसाला स्वस्तात मिळणाऱ्या, इतरांनी नाकारलेल्या खेळाडूंमधलं काय पाहायचं ते बरोबर कळत असणार. त्याच्या हाताखाली चेक खेळाडू डोमिनिक कुबालीक २०१८-१९ च्या हंगामात अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला, आणि पुढच्याच वर्षी शिकागोकडून एनएचएलमध्ये पदार्पणाच्या हंगामात त्यानं तीस गोल केले. आंब्रीतून माणूस असा पुढे जातो. राहत नाही, पण जाताना मोठा होऊन जातो. चेरेदा आणि दूका ही जोडी २०२५ च्या शरदापर्यंत टिकली. आजच्या व्यावसायिक खेळात आठ वर्षं म्हणजे एक युगच.

दरम्यान व्हालाशाचा प्रश्न गळ्याशी आला होता. नवं स्टेडियम नाही तर सर्वोच्च लीग नाही, असं लीगनं बजावलं. खर्च पाच कोटी फ्रँकच्या आसपास. हजार वस्तीच्या गावासाठी हा आकडा वेडेपणाचाच होता. बेलिनत्सोनाकडे, जिथे माणसं आहेत तिथे क्लब हलवावा, हा विचार व्यवहाराला धरून होता. पण दरीतून खाली उतरलेला आंब्री हा आंब्री राहिलाच नसता. पाठीराख्यांच्या लेखी क्लब आणि ती जागा वेगळ्या करता येत नाहीत. कँटन, बँका, पुरस्कर्ते आणि सामान्य समभागधारक यांच्या पैशांतून गोत्तार्दो अरेना उभी राहिली, ती आंब्रीतच, जुन्या लष्करी विमानतळाच्या परिसरात, हिमस्खलनाच्या वाटेपासून दूर.

आराखडा मारिओ बोत्तांचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाचे हे वास्तुविशारद तिचीनोचेच, मेन्द्रिसिओचे. आपल्या मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या हैदराबादमधल्या इमारतीचा आराखडाही त्यांचाच आहे. पण आंब्रीच्या संदर्भात त्यांचं दुसरं एक काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८६ च्या एप्रिलमध्ये तिचीनोतल्याच मोन्यो नावाच्या वाडीवर हिमस्खलन कोसळलं आणि सतराव्या शतकातलं चर्च वाहून गेलं. त्या जागी बोत्तांनी पांढऱ्या संगमरवराच्या आणि करड्या दगडाच्या पट्ट्यांचं लहानसं, वर काचेचं तिरकं छत असलेलं चर्च बांधलं. त्या भिंती तळाशी इतक्या जाड आहेत की पुढच्या बर्फाशी त्यांनी आधीच झुंज मांडून ठेवल्यासारखं वाटतं. डोंगर काय घेऊन जातो आणि माणसं पुन्हा काय उभं करतात, हे ज्यानं एकदा हाताळलं आहे, त्याच्याच हाती व्हालाशाचा वारसा गेला.

व्हालाशाचा निरोप मात्र कुणाला घेता आला नाही. २०२१ च्या वसंतात शेवटचा सामना झाला तेव्हा करोनामुळे स्टँड रिकामे होते. बासष्ट वर्षं ज्या पायऱ्यांवर पिढ्या उभ्या राहिल्या, त्यांवर शेवटच्या दिवशी प्रेक्षक नव्हते. नवी अरेना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उघडली. तिथे गारठा कमी आहे आणि बसायला जागा जास्त. काही जुन्या पाठीराख्यांना तो गारठाच अजून हवासा वाटतो, आणि मला त्यांचं पटतं.

मग २०२२ चा डिसेंबर. दावोसला दरवर्षी नाताळानंतर स्पेंग्लर कप भरतो. १९२३ पासूनची ही स्पर्धा, क्लबांसाठीच्या जगातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. आंब्रीला २०१९ मध्ये पहिल्यांदा आमंत्रण आलं होतं, आता दुसऱ्यांदा. ३१ डिसेंबरला अंतिम सामना प्रागच्या स्पार्ताशी. बरोबरी सुटली नाही, पेनल्टी फटके झाले आणि आंब्री ३-२ नं जिंकला. दावोसचं सभागृह निळं-पांढरं झालं होतं.

घरच्या मैदानावर आंब्री जिंकला की एक गाणं होतं. त्याचं नाव ‘ला मोंतानारा’. तोनी ओर्तेल्लीनं १९२७ मध्ये रचलेलं हे इटालियन पर्वतगीत आहे. चाल संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखी. एरवी ढोल बडवणारा कुर्वा सुद तेव्हा ढोल खाली ठेवतो. खेळाडू हेल्मेट काढून स्टँडसमोर येतात, लोक गळ्यातले मफलर दोन्ही हातांत ताणून डोक्यावर धरतात आणि म्हातारे, पोरं, पाहुणे सगळे एका सुरात गातात. स्विस लीगचा सामना संध्याकाळी पावणेआठला सुरू होतो, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा. त्यामुळे हे गाणं ऐकायचं तर मला पहाटेपर्यंत जागावं लागतं, आणि आंब्री हरला तर ते ऐकायलाही मिळत नाही.

त्या गाण्यात डोलोमाइट पर्वतातल्या दंतकथेची सोरेगिना येते. सोरेगिना ही सूर्याची लेक. नोव्हेंबर-डिसेंबरात ज्यांच्या अंगणात ऊन उतरत नाही, ती माणसं जिंकल्यावर तिच्या घराचं गाणं गातात.